‘इश हाप दिश लीप’ला उत्तर काय द्यायचं: लीबन, म्योगन, लीप हाबन आणि दिश-दीअरचा घोळ

प्रश्न असा आलाय. एक मुलगी सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून म्युनिकला ऑ-पेअर म्हणून गेलीये, म्हणजे जर्मन कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायची, बदल्यात राहणं-जेवण आणि थोडा पॉकेटमनी. घरातली पाच वर्षांची पोरगी रात्री झोपताना तिला म्हणाली, ‘इश हाप दिश लीप’, म्हणजे ‘तू माझी लाडकी आहेस’. हिला म्हणायचं होतं ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’, पटकन उत्तर दिलं, ‘इश लीबं दीअर.’ पोरगी खुदकन हसली आणि म्हणाली ‘दिश!’, दारात उभी असलेली आईपण हसली. आता ही विचारतेय की लीबन, म्हणजे प्रेम करणे, हे क्रियापद सगळ्या काळांत कसं चालतं ते एकदा नीट सांगा, दीअर का चुकलं ते सांगा, आणि लीबन, म्योगन (आवडणे), लीप हाबन (जीव असणे) यातलं कुणाला काय म्हणायचं ते सांगा.

मी गेली १९ वर्षं पुण्यात जर्मन शिकवतेय. ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पायरीच्या, बॅचला पहिल्या दिवशी जी दोन-तीन जर्मन वाक्यं आधीपासून येत असतात त्यात ‘इश लीबं दिश’ (माझं तुझ्यावर प्रेम आहे) असतंच असतं, आणि तरी दोन महिन्यांनी स्वतःचं वाक्य बनवायची वेळ आली की तीच मुलं दीअर लिहितात. हे असं का होतं ते मला कळायला शिकवायला लागल्यावर चार-पाच वर्षं गेली, कारण मी चूक जर्मनमध्ये शोधत होते आणि ती आपल्या मराठीत बसलेली होती. त्यावर सविस्तर बोलतेच, आधी क्रियापद उरकून घेऊ कारण ते खरंच सोपं आहे.

उच्चार देवनागरीत लिहितेय त्यामुळे दोन-तीन गोष्टी लक्षात ठेव. ‘इश’ आणि ‘दिश’ मधला श म्हणजे आपला शाळेतला श नव्हे, ‘ह्याला’, ‘ह्यांना’ म्हणताना सुरुवातीला जो ह्य येतो तो आवाज न लावता नुसत्या श्वासावर म्हणून बघ, तो खरा उच्चार, त्याला आपल्याकडे वेगळं अक्षर नाही म्हणून मी श लिहितेय. ‘लीबं’ वरचा अनुस्वार नाकातला नाही, ‘झालं’, ‘केलं’ म्हणताना शेवटी जो अ आपण जरा लांबवतो तोच. इंग्रजीच्या सवयीने काही जण तिथे ‘लीबे’ म्हणतात, मराठीच्या सवयीने म्हटलं तर बरोबर येतं. आणि अक्षराच्या शेवटी ब आला की जर्मनमध्ये त्याचा प होतो, ग आला की क होतो, म्हणून स्पेलिंगमध्ये बी असला तरी उच्चार ‘लीप्ट’, ‘हाप’. स्पेलिंगबद्दल एकच: आय-ई असेल तर ई, आणि ई-आय असेल तर आय. हे उलटं केलंस तर ‘लायबन’ असं काहीतरी होतं, आणि आय गाळलास तर ‘लेबन’ होतं ज्याचा अर्थ जगणं. परीक्षेच्या पेपरात ‘मी तुला जगते’ मी कितीतरी वेळा वाचलंय.

आता रूपं. लीबन पूर्णपणे नियमित क्रियापद आहे, मूळ तेच राहतं, शेपट्या बदलतात.

इश (मी) लीबं, दू (तू) लीप्स्ट, एअर (तो) लीप्ट, झी (ती) लीप्ट, एस (ते) लीप्ट, वीअर (आम्ही) लीबन, ईअर (तुम्ही सगळे) लीप्ट, झी (ते सगळे) लीबन.

‘झी’ तीनदा येतं हे विसरू नकोस. ती एकटी असेल तर झी लीप्ट, ते सगळे असतील तर झी लीबन, आणि समोरच्याला आदराने ‘तुम्ही’ म्हणायचं असेल तरी झी लीबन, लिहिताना त्याचं पहिलं अक्षर मोठं. त्यामुळे ‘इश लीबं झी’ हे नुसतं ऐकलं तर माझं तिच्यावर प्रेम आहे, त्यांच्यावर आहे की तुमच्यावर आहे हे संदर्भावरूनच कळतं. तसं आजच्या जर्मनीत ‘तुम्ही’ म्हणून कुणी प्रेम व्यक्त करत नाही, ते जुन्या नाटकात. माणसं त्याच्या बरीच आधी ‘दू’ वर आलेली असतात.

एक चांगली बातमी म्हणजे कर्ता पुरुष आहे की बाई यावरून जर्मन क्रियापद बदलत नाही. आपल्याकडे करतो-करते, आवडतोस-आवडतेस असं सारखं जुळवावं लागतं, तिथे सगळ्यांना लीबं आणि लीप्स्ट.

भूतकाळ बोलताना ‘हाबन’ घेऊन करायचा: इश हाबं गलीप्ट, दू हास्ट गलीप्ट, एअर हाट गलीप्ट, वीअर हाबन गलीप्ट, ईअर हाप्ट गलीप्ट, झी हाबन गलीप्ट. पुस्तकात, गोष्टीत दुसरा भूतकाळ दिसेल: इश लीप्टं, दू लीप्टस्ट, एअर लीप्टं, वीअर लीप्टन, ईअर लीप्टट, झी लीप्टन. तो ओळखता आला म्हणजे तुझ्या लेव्हलला पुरे. भविष्यकाळ ‘वेअरदन’ घेऊन, ‘इश वेअरदं दिश इमर लीबन’, मी तुझ्यावर कायम प्रेम करेन. एवढंच आहे.

पण भूतकाळाबाबत एक सावधगिरी बाळग. ‘इश हाबं दिश गलीप्ट’ म्हटलं की जर्मन माणसाला ऐकू येतं की होतं, आता नाही. आपल्याकडे इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं ‘दोन वर्षांपासून माझं तुझ्यावर प्रेम आहे’ याचं जर्मन करताना इंग्रजीच्या वळणाने हाबन आणि गलीप्ट टाकतात आणि वाक्य नातं संपल्यासारखं होऊन बसतं. खरं जर्मन आहे ‘इश लीबं दिश झाइट त्स्वाय यारन’, साधा वर्तमानकाळ, कारण प्रेम अजून चालू आहे. मराठीतही आपण ‘दोन वर्षांपासून आहे’ असंच म्हणतो ना, मग मराठीवरून जा, इंग्रजीवरून जाऊ नकोस.

आता दीअर आणि दिश.

मराठीत ‘तुला’ हा एकच शब्द दोन कामं करतो. ‘मी तुला पुस्तक दिलं’ आणि ‘मी तुला स्टेशनवर बघितलं’. व्याकरणाच्या पुस्तकात एकीकडे चतुर्थी आणि दुसरीकडे द्वितीया लिहिलेलं असतं, पण कानाला दोन्हीकडे तुला. जर्मन इथे फरक करतं. पुस्तक ज्याला दिलं तो ‘दीअर’, ज्याला बघितलं तो ‘दिश’. तसंच मला म्हणजे ‘मीअर’ किंवा ‘मिश’, त्याला म्हणजे ‘ईम’ किंवा ‘ईन’, तिला म्हणजे ‘ईअर’ किंवा ‘झी’. आम्हाला आणि तुम्हाला (अनेकांना, आदरार्थी नव्हे) यांची मात्र दोन्हीकडे एकच रूपं, ‘उन्स’ आणि ‘ऑइश’, तिथे चुकायची भीती नाही.

एवढंच असतं तर पाठ करून भागलं असतं. खरी अडचण पुढे आहे. मनातल्या गोष्टी सांगताना मराठी माणूस सहसा स्वतःला कर्ता करत नाही. मला तू आवडतेस. मला तुझी आठवण येते. माझा तुझ्यावर जीव आहे. तिची त्या पोरावर फार माया आहे. जीव असतो, माया असते, आठवण येते, राग येतो, कंटाळा येतो, हे सगळं आपल्याकडे येतं किंवा आपल्यापाशी असतं, आपण ते ‘करत’ नाही. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य आहे मराठीत, पण ते सिनेमात जितकं ऐकू येतं तितकं घरात येत नाही. आणि जिथे आपण ते म्हणतो तिथेही ‘तुझ्यावर’ येतं, वर.

जर्मन लीबन मध्ये असं काही नाही. इश कर्ता, लीबं ही त्याची क्रिया, आणि ती क्रिया मधे कुठलाही शब्द न येता थेट समोरच्यावर जाते, म्हणून तो द्वितीयेत, दिश. बघणे, शोधणे, उचलणे यांच्यासारखंच प्रेम करणे. त्यामुळे मराठी डोक्याने विचार केला की दोन चुका ठरलेल्या: ‘मला-तुला’च्या ओढीने ‘इश लीबं दीअर’, नाहीतर ‘तुझ्यावर’च्या ओढीने ‘इश लीबं आउफ दिश’, आउफ म्हणजे वर. तुझी पहिली होती. दुसरी मी दर बॅचला एखादी तरी बघते, चांगल्या अभ्यासू मुलांची.

लग्नाच्या क्रियापदातही हाच खड्डा आहे, ‘हायराटन’. आपण म्हणतो ‘त्याच्याशी’ लग्न करते, म्हणून मुली लिहितात ‘मिट ईम’. जर्मनमध्ये ‘इश हायराटं ईन’, सरळ द्वितीया, सोबत-बिबत काही नाही.

मी वर्गात काय करायला लावते सांगते. लीबन आलं की मनातल्या मनात ते काढून तिथे ‘झेअन’, म्हणजे बघणे, ठेवायचं. ‘मी तुला बघते’ हे इश झेअं दिश, त्यात कुणी चुकत नाही, मग तीच जागा लीबनची. माया दाखवणारी बरीच क्रियापदं याच बाजूला आहेत: ‘क्युसन’ म्हणजे पापा घेणे, ‘उमआर्मन’ म्हणजे मिठी मारणे, ‘फेअरमिसन’ म्हणजे कुणाची उणीव वाटणे, आणि म्योगन, आणि लीप हाबन. उलट ‘हेल्फन’ मदत करणे, ‘दांकन’ आभार मानणे, ‘फेअरट्राउअन’ विश्वास ठेवणे हे दीअरवाले. म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे तर दिश, माझा तुझ्यावर विश्वास आहे तर दीअर, मराठीत दोन्हीकडे ‘तुझ्यावर’. याला फार कारण शोधत बसू नकोस, क्रियापद शिकतानाच त्याच्याबरोबर दिश की दीअर हे शिकून टाक, वेगळं असं काही उरतच नाही.

नाम असेल तर फरक फक्त पुल्लिंगात दिसतो. माझा नवरा ‘माइन मान’, पण इश लीबं ‘माइनन मान’. बायको, मूल, आईवडील, काहीही असो, तिथे रूप तेच राहतं, ‘माइनं फ्राउ’, ‘माइन किंट’, ‘माइनं एल्टर्न’. जोडीदाराकडे जर्मनीला जायचं तर व्हिसासाठी बऱ्याच जणांना ए-वन लागतं, २००७ पासूनचा नियम आहे, काहींना सूट आहे, त्यामुळे माझ्या वर्गात कायम नव्या नवऱ्या असतात आणि त्या ‘माइनन मान’ कधीच विसरत नाहीत, सरावाला वाक्यं खूप असतात त्यांच्याकडे.

आता ती पोरगी काय म्हणाली ते. ‘लीप’ हे विशेषण आहे, गोड, प्रेमळ, लाडकं. ‘हाबन’ म्हणजे असणे, जवळ असणे. दोन्ही मिळून ‘लीप हाबन’, शब्दशः ‘कुणालातरी लाडकं म्हणून जवळ असणे’. मराठीत याच्या सगळ्यात जवळचं मला ‘तू माझी लाडकी आहेस’ हे वाटतं, किंवा ‘माझा तुझ्यावर जीव आहे’. रूपं हाबनची, म्हणजे अनियमित: इश हाबं दिश लीप, दू हास्ट मिश लीप, एअर हाट झी लीप, वीअर हाबन ऑइश लीप, ईअर हाप्ट उन्स लीप. बोलताना ‘हाबं’चं ‘हाप’ होतं, तुझ्या पोरीने म्हटलं तसं. भूतकाळात ‘लीप गहाप्ट’. हाबन दुसऱ्या जागेवर बसतं आणि लीप वाक्याच्या शेवटी, मधे काय वाटेल ते येऊ शकतं: ‘इश हाप दिश झो लीप’, इतकी लाडकी आहेस, ‘इश हाप दिश गान्त्स दॉल लीप’, खूप म्हणजे खूपच. लिहिताना दोन शब्द सुटे लिहिलेले दिसतील, कधी जोडून दिसतील, दोन्ही चालतं.

हे वाक्य म्हणजे जर्मन घराचा पाया आहे असं मला वाटतं. आईबाप पोरांना म्हणतात, पोरं आजीला म्हणतात, बहिणी बहिणींना, जिवाभावाच्या मैत्रिणी एकमेकींना, प्रेमात पडलेली पण अजून मोठं वाक्य म्हणायची हिंमत न झालेली माणसंही हेच म्हणतात. एसएमएसच्या काळात, जेव्हा एका मेसेजला १६० अक्षरंच मिळायची, तेव्हा शाळेतली मुलं शेवटी नुसतं ‘हा-दे-एल’ टाकायची, ‘हाप दिश लीप’ या तीन शब्दांची आद्याक्षरं, आणि जरा जास्त प्रेम असेल तर ‘हा-दे-गे-दे-एल’, त्यात गान्त्स दॉल आलं. अजूनही कार्डवर, चिठ्ठीवर दिसतं.

‘इश लीबं दिश’ हे त्याच्यापेक्षा जड वाक्य आहे. नवरा-बायको, प्रियकर-प्रेयसी, ज्यांनी एकमेकांना निवडलंय त्यांचं. जोडप्याने ते पहिल्यांदा म्हणणं ही एक घटना असते, कुणी आधी म्हटलं हे लोकांच्या लक्षात राहतं. अलीकडे आईबाप मुलांनाही लीबन वापरतात, त्यात काही चूक नाही, त्यामुळे तू दिश म्हणाली असतीस तरी घरात कुणाला खटकलं नसतं, फक्त सहा महिन्यांची ओळख असलेल्या ताईकडून जरा जास्त मोठं वाटलं असतं. मैत्रिणीला, वर्गातल्या मुलाला, कामावरच्या माणसाला मात्र म्हणू नकोस. इंग्रजीत आपण ‘लव्ह यू’ म्हणून फोन ठेवतो तसं लीबनचं करायला गेलीस तर समोरचा गोंधळात पडेल.

वस्तूंसाठी लीबन चालतं. मला डोंगर फार आवडतात, इश लीबं दी बेअर्गं. मॅकडॉनल्ड्सची जगभर गाजलेली जाहिरातीची ओळ २००३ मध्ये पहिल्यांदा म्युनिकमध्येच आणली गेली, ‘इश लीबं एस’ अशी. म्हणजे बर्गरवर प्रेम करायला हरकत नाही, माणसांच्या बाबतीतच जपून.

मग रोजच्या वापराला काय? म्योगन. हे सगळ्यात उपयोगाचं आणि सगळ्यात वाकडं. ‘म्यो’ म्हणताना ओठ ओ सारखे गोल ठेव आणि आतून ए म्हण, म्हणजे जमेल. रूपं: इश माक, दू माक्स्ट, एअर माक, वीअर म्योगन, ईअर म्योक्ट, झी म्योगन. बघ, इश आणि एअर दोघांना तेच रूप, शेवटी टी नाही. ‘एअर माक्ट’ म्हणणं ही पहिल्या सहा महिन्यातली हमखास चूक, कारण लीप्टची सवय लागलेली असते. भूतकाळ ‘इश मॉख्टं’, आणि ‘गमॉख्ट’. ‘इश माक दिश’ म्हणजे मला तू माणूस म्हणून आवडतेस, छान वाटतं तुझ्याबरोबर. मैत्रीला हे अगदी बरोबर.

यातच ‘म्योश्टं’ लपलंय आणि तिथे लोक खरोखर पडतात. म्योश्टं हे म्योगनचंच एक रूप, पण त्याचा अर्थ झालाय ‘मला हवंय’, नम्रपणे. इश म्योश्टं आइनन काफे, मला एक कॉफी हवी होती. ए-वनला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात त्यामुळे तेच जिभेवर असतं, आणि ‘मला तू आवडतोस’ म्हणायच्या वेळी तोंडातून निघतं ‘इश म्योश्टं दिश’. म्हणजे मला तू हवा आहेस, कॉफीसारखा. माझ्या एका विद्यार्थिनीने हे तिथल्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला म्हटलं होतं, तिला नुसतं ‘तुम्ही चांगले आहात’ म्हणायचं होतं, आणि तो बिचारा दोन आठवडे तिच्या समोर यायचा टाळत होता. तेव्हापासून मी माक आणि म्योश्टं एकाच तासाला शिकवत नाही.

तू बव्हेरियात आहेस म्हणून एक वेगळं सांगते. तिथल्या बोलीत ‘इ मोग दि’ ऐकशील, तेच इश माक दिश, पण तिकडे त्याचं वजन जास्त आहे, खरं प्रेम सांगायलाही हेच म्हणतात. ऑक्टोबरफेस्टला जाशील तेव्हा गळ्यात घालायचे लेपकूखनचे, म्हणजे मसाल्याच्या गोड बिस्किटाचे, मोठे हार्ट मिळतात, वर आयसिंगने लिहिलेलं असतं, त्यात ‘इ मोग दि’ सगळीकडे दिसेल. कुणी घेऊन दिलं तर नुसतं मैत्रीचं आहे असं धरून चालू नकोस.

‘गफालन’ हे मराठी माणसाचं लाडकं क्रियापद व्हायला हवं, कारण त्याची बांधणी हुबेहूब ‘आवडणे’सारखी. मला तू आवडतोस, ‘दू गफेल्स्ट मीअर’. तू कर्ता, आवडतोस क्रियापद, मला चतुर्थीत. शब्दाला शब्द. म्हणजे दीअर-मीअरची तुझी सवय वाया जात नाही, तिची जागा ही आहे. घर आवडलं, शहर आवडलं, ड्रेस आवडला, सगळं गफेल्ट मीअर. जेवण मात्र ‘श्मेक्ट मीअर’, चव आवडली. फक्त माणसाबद्दल वापरताना ‘दू गफेल्स्ट मीअर’ हे दिसण्याकडे जातं, तुझ्यात मला इंटरेस्ट आहे असं. म्हणून मराठीला सगळ्यात जवळचं असूनही माणसांसाठी ते जरा बाजूला ठेव.

काही करायला आवडतं असं म्हणायचं असेल तर यातलं कुठलंच नको, तिथे ‘गेर्न’. इश कॉखं गेर्न, मला स्वयंपाक करायला आवडतो. तुझ्या घरच्यांना म्हणायला एक सुंदर वाक्य आहे, ‘इश बिन गेर्न बाय ऑइश’, मला तुमच्याकडे राहायला आवडतं. आणि मजा बघ, गेर्नची पुढची पायरी आहे ‘लीबर’, जास्त आवडतं, पुन्हा तोच लीप. चहा की कॉफी? ‘लीबर टे.’ गेर्न हाबन असंही एक आहे, इश हाप दिश गेर्न, मला तू आवडतेस, पण ‘दू कान्स्ट मिश गेर्नहाबन’ कुणी चिडून म्हटलं तर ते प्रेम नाही, ‘गेलास उडत’ असा अर्थ आहे, खुश होऊ नकोस.

प्रेमात पडणे वेगळं. ‘इश बिन इन दिश फेअरलीप्ट’, मी तुझ्या प्रेमात पडलेय. इथे मात्र इन लागतं, आणि पडणं म्हणजे आत जाणं, हालचाल आहे, म्हणून इन दिश, इन दीअर नाही. आपण ‘तुझ्या प्रेमात’ म्हणतो तेव्हा मराठीचं ‘-त’ आत असणंही दाखवतं आणि आत जाणंही, त्यामुळे इथेही दीअर यायची शक्यता. पाण्यात उडी मारली, तर इन्स वासर, तसंच.

क्युसन आणि उमआर्मन पटकन. इश क्युसं, दू क्युस्ट, एअर क्युस्ट, इथे दू आणि एअर सारखेच दिसतात कारण मुळातच एस आहे. जुन्या पुस्तकात या क्युस्टचं स्पेलिंग बीसारख्या दिसणाऱ्या एसने दिसेल, १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर आखूड स्वरापुढे दोन एस झाले. भूतकाळ ‘गक्युस्ट’. उमआर्मनला मात्र ‘ग’ लागत नाही, इश हाबं झी उमआर्म्ट, मी तिला मिठी मारली. मेसेजच्या शेवटी ‘फ्यूल दिश गद्र्युक्ट’ दिसेल, लांबून मिठी समज.

नाही म्हणायचं असेल तर ‘निश्ट’ची जागा जप. ‘इश लीबं दिश निश्ट’ म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम नाही. ‘इश लीबं निश्ट दिश’ म्हणजे प्रेम आहे, पण तुझ्यावर नाही, दुसऱ्या कुणावर. एक शब्द इकडचा तिकडे. लीप हाबन मध्ये निश्ट हे लीपच्या आधी येतं, आणि ते तू ऐकशीलच, चॉकलेट दिलं नाहीस की ‘इश हाप दिश निश्ट मेअर लीप!’, आता तू माझी लाडकी नाहीस. पाच वर्षांच्या मुलांचं हे ठरलेलं वाक्य आहे, मनाला लावून घेऊ नकोस, अर्ध्या तासात उलटतं. ‘कारण’ आलं की क्रियापद शेवटी जातं, ‘वाइल इश दिश लीप हाबं’, आणि इथे मराठी माणसाला काहीच त्रास नाही, आपलं क्रियापद शेवटीच असतं.

जाता जाता माझी एक आवडती गोष्ट. लीप आणि लीबन ज्या प्राचीन धातूपासून आले त्याच धातूतून संस्कृतातलं लुभ् आलं, आणि त्यातून आपला लोभ. हिंदीत लोभ म्हणजे नुसती हाव, पण मराठीने त्यात माया जपून ठेवली, लोभस म्हणतो आपण, आणि जुन्या पत्रांच्या शेवटी ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ किंवा ‘लोभ असावा’ असं लिहायचे. जर्मन माणूस आजही पत्राची सुरुवात ‘लीबं’ किंवा ‘लीबर’ने करतो आणि शेवटी ‘लीबं ग्र्यूसं’ लिहितो. ए-वनच्या पत्रलेखनात हे शिकवताना मी फळ्यावर बाजूला ‘लोभ असावा’ लिहिते. आजीची पत्रं वाचलेल्या मुलांना मग ते शब्द परके वाटत नाहीत.

आता आज रात्रीसाठी. पोरगी म्हणेल ‘इश हाप दिश लीप’. तू म्हणायचं ‘इश दिश आउख’. आउख म्हणजे पण, ‘मी पण तुला’. पूर्ण वाक्य ‘इश हाप दिश आउख लीप’, बोलताना मधलं गळतं पण दिश गळत नाही. नुसतं ‘इश आउख’ म्हणू नकोस, पुष्कळ जण म्हणतात, पण त्यात ती कुठेच येत नाही, नुसतं ‘मी पण’ एवढंच उरतं. आणि पुढच्या वर्षी पुण्याला परत आलीस आणि तिचा व्हिडिओ कॉल आला की ती म्हणेल ‘दू फेल्स्ट मीअर’, तू हवी होतीस इथे. तिथे फेलन आहे, गफालनच्या जातीचं, दीअरवालं. तेव्हा उत्तर ‘दू मीअर आउख’.